धड्यांचा हौद गावातच हवा

महोदय,

गावात टॅबवाटप झाले की फोटो छापून येतो. सहा महिन्यांनी त्या टॅबवर काय चालते, हे विचारायला मात्र सहसा कोणी जात नाही. टॅबला आमचा विरोध नाही. नागपूरला मुख्यालय असलेली राज्य सरकारची ‘महाज्योती’ ही संस्था जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅबसोबत रोज ६ जीबी डेटाही देत आली आहे, आणि टॉवर धड चालणाऱ्या गावात त्याचा उपयोग होतोच. अडचण बाकीच्यांची आहे.

साध्या रिचार्जमध्ये रोज दीड जीबी मिळतो. ७२०पी वर तासभराचा व्हिडिओ पाहिला की एक जीबीच्या आसपास संपतो. कोटा संपल्यावर अनेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने १०० एमबीचा एक धडा उतरायला साडेतीन तास लागतात. त्यातही घरात फोन एक, आणि तो दिवसभर बापासोबत वावरात. पोरीच्या वाट्याला तो येतो रात्री नऊनंतर, बॅटरी पंधरा टक्क्यांवर असताना. प्रत्येकाने आपली घागर घेऊन दोन कोस जायचे, असा हा प्रकार आहे. गावात एक हौद बांधावा, म्हणजे सगळे धडे एका संगणकात साठवून ठेवावेत, आणि तो तीन महिन्यांतून एकदा भरावा, एवढेच आमचे म्हणणे.

या हौदाला लागते काय? ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, ५०० जीबीची हार्ड डिस्क, साधा वाय-फाय राऊटर आणि राऊटरला जोडायचा छोटा यूपीएस. जुना माल पाहून घेतला तर सगळे मिळून साधारण वीस हजारांत बसते, म्हणजे दोन बऱ्या टॅबच्या किमतीत. लॅपटॉपवर ‘कोलिब्री’ हे इंटरनेटशिवाय धडे दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर टाकायचे. राऊटरला इंटरनेट नसले तरी चालते. मुलांचे फोन त्या वाय-फायला जोडले की ब्राउझरमध्ये पत्ता टाकून धडे उघडतात, डेटा खर्च होत नाही. कोणी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरायला सांगतात. यंत्र चांगले आहे, पण त्याला स्वतःची बॅटरी नाही आणि वीज अचानक गेली की मेमरी कार्ड खराब होते. आमच्याकडची वीज पाहता जुना लॅपटॉपच बरा.

घोटाळे होतात ते असे. फोनला वाय-फायवर इंटरनेट सापडले नाही की तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि पोरे म्हणतात, ‘चालतच नाही’. म्हणून जोडण्याआधी मोबाइल डेटा बंद करायला शिकवावे. दुसरे म्हणजे राऊटर बंद-चालू झाला की लॅपटॉपचा आयपी पत्ता बदलू शकतो आणि भिंतीवर लिहून ठेवलेला पत्ता निकामी होतो. राऊटरच्या सेटिंगमध्ये तो एकदाच कायम करून टाकावा. तिसरे, व्हिडिओ ३६०पी चेच भरावेत. त्याला सेकंदाला पाऊण मेगाबिट पुरतो, त्यामुळे वीस फोन एकदम चालतात. ७२०पी भरले तर त्याच राऊटरवर आठ-दहा फोनांतच चित्र अडखळू लागते. फळ्यावरचे बारीक गणित तेवढे ४८०पी ला घ्यावे.

उन्हाळ्यात मुलांना वेळ असतो आणि नेमके तेव्हाच यंत्र दगा देते. पारा ४५ च्या वर गेल्यावर टिनाच्या खोलीत लॅपटॉप तापून बंद पडतो, बॅटरी फुगते. एप्रिल-मे मध्ये सकाळी सहा ते दहा हीच वेळ ठेवावी, यंत्र कपाटात कोंडू नये. भाव वाढेल म्हणून कापूस घरात साठवलेला असतो. त्याचे तंतू पंख्यात अडकतात, तेव्हा महिन्याला एकदा ब्रशने साफ करावे. आणि कापसाच्या खोलीत चार्जिंगचा बोर्ड कधीही लावू नये, एका ठिणगीचे काम असते. मृगात आभाळ गडगडू लागले की सगळ्या वायरी काढून ठेवाव्यात.

हौदात भरायचे काय, याची ददात नाही. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाची व्याख्याने आणि आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मुक्त परवान्याखाली आहेत, उतरवून वाटता येतात. खासगी क्लासचे व्हिडिओ मात्र चोरून भरू नयेत. स्पोकन ट्युटोरियलचे धडे दहाएक मिनिटांचे, त्यातले बरेच मराठीत. लिबरऑफिस (कार्यालयीन काम), पायथन (प्रोग्रामिंग), इंकस्केप (चित्रे काढणे) असे विषय आहेत. ते नुसते पाहण्याचे नाहीत, एकीकडे व्हिडिओ आणि शेजारी तेच करून पाहणे, अशी त्यांची रचना आहे. म्हणून खोलीत सरावाला निदान दोन जुने संगणक हवेत. लिबरऑफिसमधले हिशेबाचे ‘कॅल्क’ नीट शिकलेली पोरगी बचत गटाचा हिशेब महिन्याभरात हातात घेऊ शकते. शाळकरी मुलांसाठी ‘दीक्षा’ ॲप आहेच. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड एका फोनवर स्कॅन करून धडा उतरवला की तो फाइल म्हणून दुसऱ्या फोनला देता येतो, हे कित्येक शिक्षकांनाही ठाऊक नसते. धड्यांची भाषा ही मात्र उरतेच अडचण: मेळघाटात घरी कोरकू आणि भामरागडला माडिया बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीही परकीच वाटते. तिथे व्हिडिओ थांबवून समजावणारे माणूस लागतेच.

कॉलेजच्या मुलांनी एनपीटीईएलच्या जुलैच्या सत्राकडे जरूर पाहावे. १२ आठवड्यांच्या कोर्सची व्याख्याने साधारण ३० तासांची. ३६०पी ला सात-आठ जीबीत मावतात. ती गावात पाहावीत आणि साप्ताहिक स्वाध्याय तेवढा नेटवर्क मिळेल तिथे, टेकडीवर नाही तर एसटी स्टँडवर, जाऊन भरावा; त्याला डेटा नगण्य लागतो. गुण असे असतात: स्वाध्यायांचे २५, परीक्षेचे ७५, प्रमाणपत्राला स्वाध्यायात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात. बारापैकी उत्तम आठच स्वाध्याय धरले जातात. म्हणजे निंदणात किंवा सोयाबीनच्या सोंगणीत तीन-चार आठवडे बुडाले तरी कोर्स हातचा जात नाही. परीक्षेला मात्र केंद्रावर स्वतः जावे लागते. सिरोंच्याहून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे, त्या पोराने मुक्काम धरूनच हिशेब करावा.

नोंदणीत सर्वात जास्त मुले अडकतात ती नावावर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले. श्रेयांक (क्रेडिट) जमा होण्यासाठी एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक, डिजिलॉकरमधून काढावा लागतो आणि त्याचा ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. ते सिम रिचार्जअभावी कधीच बंद पडलेले असते. ही दुरुस्ती सत्र सुरू होण्याआधी महिनाभर करून घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून, म्हणजे एनपीटीईएलचे कोर्स जिथे असतात त्या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरून, घेता येतात, पण आपले कॉलेज ते मान्य करते का, हे फी भरण्याआधी विचारलेले बरे.

जिथे लॅपटॉपचाही योग नाही तिथे ‘स्वयंप्रभा’ या सरकारी शैक्षणिक टीव्ही वाहिन्या आहेत. डीडी फ्री डिशच्या छत्रीला महिन्याचे भाडे नाही, इंटरनेट लागत नाही. छत्री जीसॅट-१५ उपग्रहाकडे म्हणजे विदर्भातून आग्नेयेला आणि बरीच वर, साठेक अंशांवर रोखावी लागते; त्या दिशेला कडुलिंब असला की चित्र तुटते. मुसळधार पावसात तर ते जातेच. पण रोज चार तासांचा नवा मजकूर दिवसात आणखी पाच वेळा दाखवण्याची योजना आहे, तेव्हा सकाळी हुकलेला धडा संध्याकाळी सापडतो.

यंत्रापेक्षा मोठा प्रश्न किल्लीचा. खोली शाळेत असेल तर ती साडेपाचला बंद होते, ग्रामपंचायतीत असेल तर शिपाई गावाला गेलेला असतो. भारतनेट या सरकारी योजनेतली ग्रामपंचायतीची इंटरनेट जोडणीही अशीच कितीदा पंचायतीच्या कपाटाशी येऊन थांबते. खोली सार्वजनिक वाचनालयाची किंवा सामुदायिक प्रार्थनेच्या सभागृहाची असावी, किल्ली गावातच राहणाऱ्या एका ताई-दादाकडे असावी आणि त्यांना मानधन मिळावे. वीस हजारांच्या यंत्राला मंजुरी मिळते, दोन हजारांच्या मानधनाला मिळत नाही, हा आमच्या प्रशासनाचा खास हिशेब! चार ते सहा ही वेळ फक्त मुलींसाठी राखावी. वेचणीच्या दिवसांत ती पुढे सरकवावी, कारण मजूर बाया-पोरी वावरातून पाचशिवाय परतत नाहीत. रात्री मुलगे बसतील, ज्यांची ओलिताची पाळी नसेल ते.

जिल्हा नियोजन समित्यांकडे आमची मागणी एकच आहे. प्रत्येक तालुक्याच्या गटसाधन केंद्रात (शिक्षण विभागाच्या तालुका केंद्रात) धड्यांनी भरलेली एक मूळ हार्ड डिस्क ठेवावी, दर तीन महिन्यांनी ती ताजी करावी आणि तिची प्रत कोणत्याही गावाला फुकट मिळावी. संगणकाला यूएसबी ३ चा पोर्ट असेल तर ५०० जीबीची प्रत दीड तासात होते. जुना यूएसबी २ असेल तर साडेचार-पाच तास लागतात, म्हणून संगणक पाहूनच घ्यावा. गावच्या माणसाने आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी आपली डिस्क लावून द्यावी आणि बाजार उरकला की घेऊन जावी.

— गावपातळीवर अभ्यासिका चालवणारे काही कार्यकर्ते, जि. यवतमाळ