हळद पट्टीच्या शीटमधले फॉर्म्युले झाकून ठेवल्याबाबत व त्यातील चुकांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्याकडून विकत घेतलेली हळद पट्टीची, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोबाची, एक्सेल फाइल सांगली मार्केट यार्डातील आमच्या अडत दुकानात रोजच्या वापरात आहे. लॉट नंबर, पोती आणि वजन भरलं की दर, हमाली, तोलाई (वजन करण्याचा खर्च) आणि निव्वळ रक्कम ती काढून देते. पण कशी काढते, ते बघायला वाव नाही. सेलवर गेलं तर फॉर्म्युला बार कोरा, आकडा कोणत्या सेलमधून येतो ते दाखवणारं ‘ट्रेस प्रिसीडेंट्स’ चालत नाही, फॉर्म्युला अक्षरांत दाखवणारं फॉर्म्युलाटेक्स्ट वापरावं तर #एन/ए (‘उपलब्ध नाही’) ही चूक येते. फॉरमॅट सेल्सच्या प्रोटेक्शनमध्ये ‘हिडन’ला खूण करून शीटला पासवर्ड घातल्याचा हा परिणाम आहे.

कॅल्क्युलेटरशी आकडे जुळेनात, तेव्हा आपण तपासणीपुरती एक उघडी प्रत पाठवलीत. तीत सगळ्यात गंभीर चूक दराच्या रकान्यात निघाली. सौद्याच्या यादीतून लॉटचा भाव शोधून आणणाऱ्या व्हीलुकअप या फॉर्म्युल्याचा चौथा घटक लिहिलेलाच नाही. तो सोडला की एक्सेल जवळपासची जुळणी धरतं आणि यादी चढत्या क्रमाने आहे असं मानून चालतं. लॉट २१७ चा सौदा झाला नसला, तरी शीट २१६ चा १४,२०० रुपये भाव उचलते आणि ६.४० क्विंटलला ९०,८८० रुपये दाखवते. हळद विकलीच गेली नाही आणि शेतकऱ्याच्या नावावर पट्टी तयार! सौद्याची यादी पुढेमागे झाली, तर कोणता भाव येईल याचा नेमच नाही. तिथे ‘फॉल्स’ असतं, तर #एन/ए आलं असतं आणि चूक लगेच दिसली असती.

दुसरी गडबड शीट ५० ओळींवरून ६० वर नेताना झालेली दिसते. बेरीज एफ६ ते एफ५५ इथेच थांबते, ओळी मात्र ६५ पर्यंत आहेत. वाढवलेल्या दहा ओळींत हमालीच्या दराच्या सेलचा पत्ता जागेवर धरून ठेवणाऱ्या डॉलरच्या चिन्हाविना आहे, म्हणून फॉर्म्युला खाली कॉपी केला की पत्ताही एकेक ओळ खाली सरकतो. त्यामुळे ५६ व्या ओळीत एल२ मधला हमालीचा दर बरोबर येतो, ५७ व्या ओळीत एल३ म्हणजे तोलाईचा दर लागतो, आणि ५८ पासून रिकामे सेल लागून हमाली शून्य होते. त्यातच शून्य न दाखवण्याचं सेटिंग चालू, म्हणून नजरेला काही खटकत नाही. कंट्रोल दाबून एकच्या डावीकडची कळ दाबा, सगळे फॉर्म्युले एकाखाली एक उभे राहतात. ५५ आणि ५६ मधला फरक पाच मिनिटांत सापडतो. फाइल देण्याआधी एवढं तरी बघायला हवं होतं.

फॉर्म्युले कुणी चुकून पुसू नयेत म्हणून सेल लॉक ठेवायला आमची हरकत नाही. त्यासाठी ते झाकावे लागत नाहीत. ‘लॉक्ड’ आणि ‘हिडन’ या दोन वेगळ्या खुणा आहेत. पट्टीवर सही दुकानाची असते आणि शेतकरी हिशोब आम्हाला विचारतो, म्हणून तो आम्हाला दिसलाच पाहिजे.

तरी वापरातल्या फाइलमधली ‘हिडन’ची खूण काढावी, व्हीलुकअप दुरुस्त करावं, हमाली-तोलाईच्या दरांना डॉलर लावावेत आणि नोंदींचं टेबल करून बेरीज त्याच्या रकान्यावर ठेवावी, म्हणजे ओळी वाढल्या तरी ती तुटणार नाही. दुरुस्त फाइल आठ दिवसांत मिळावी. तोपर्यंतच्या पट्ट्या हाताने तपासाव्या लागत असल्याने या काळाचं वार्षिक शुल्क परत करावं.

आपला,
व्यवस्थापक, हिशोब विभाग
मार्केट यार्ड, सांगली