सुरमईची साइज कोणीतरी एकाने ठरवा ना साहेब

प्रति,
मा. केंद्रीय मत्स्यव्यवसाय मंत्री,
नवी दिल्ली

साहेब नमस्कार,

मी मालवणचा, माझे बाबा रापणकर. रापण म्हणजे होडीतून अर्धगोल जाळं सोडायचं आणि किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोन्ही टोकं ओढायची, मग मिळेल त्याचे वाटे. म्हणजे मासळी किनाऱ्याला आली तर आमच्या घरात पैसे, नाही आली तर नाही, तिच्या मागे जायला आमच्याकडे ना ट्रॉलर ना डिझेल.

आणि बांगडा, सुरमई काय एका जागी बसणारी मासळी नाही, पाणी आणि खाणं बघून फिरते, आज गोव्यासमोर तर काही दिवसांनी आमच्यासमोर. पण नियम? महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींची पकडायची कमीत कमी साइज ठरवली, पापलेटची 135 मिलिमीटर, आणि त्याच वर्षी पापलेटला राज्य मासाही केलं, चांगलंच झालं. केरळची यादी वेगळी, 58 जातींची. पावसाळी बंदी आमच्याकडे 61 दिवस, केरळात ट्रॉलिंगबंदी 52. आता मला सांगा, आमच्यासमोर पकडलेली बारकी सुरमई दुसऱ्याच राज्याच्या बंदरात उतरवली तर दंड कोणी आणि कुठल्या यादीने करायचा? दोन फुटांपर्यंतची सुरमई बहुतेक वेळा एकदाही अंडी घातलेली नसते हो, आणि तिचे क्रेटच्या क्रेट लिलावात जाताना मी बघितलेत.

(खोटं कशाला बोलू, बांगडुल्यांचं, म्हणजे बारक्या बांगड्यांचं, तिखलं घरी झालं की मीही दोन भाकऱ्या जास्त खातो. म्हणजे दोष फक्त बोटवाल्यांचा नाही, आम्ही घेतो म्हणून ते विकतात.)

आता एलईडीचं. जनरेटर लावून पाण्यावर झगझगीत उजेड पाडायचा, मासळी गोळा झाली की पर्ससीन, म्हणजे भोवती टाकून खालून आवळायचं मोठं जाळं, टाकून लहानमोठी सगळी एकदम उचलायची. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये हे बंद केलं, 2021 मध्ये राज्याने कायदा सुधारून 5 ते 20 लाख दंड लावला, नोव्हेंबर 2025 च्या तुमच्या नियमांत पुन्हा बंदी. तीन वेळा बंदी घातलेली गोष्ट, आणि आम्ही रात्री किनाऱ्यावर उभे राहिलो की तिचा उजेड दिसतो! तक्रार करायला गेलो तर उत्तर ठरलेलं, ते 12 सागरी मैलांच्या बाहेर आहेत, आमच्या हातात नाही. बरं, 12 मैलांच्या बाहेर कोण, तर तुम्ही, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मला गंमत वाटते ती याची की कुप्यासाठी, म्हणजे ट्यूनासाठी, सेशेल्समध्ये हिंद महासागराचा आयोग आहे, त्यात आपण इराण, ओमान, मालदीव यांच्यासोबत सदस्य. यलोफिन जातीच्या ट्यूनाची पकड जास्त झाली म्हणून 2016 मध्ये ती कमी करायचा ठराव झाला, भांडणं होतात, हरकती येतात, पण निदान सगळे एका टेबलावर बसतात आणि आकडे मांडतात. मग बांगडा-सुरमईसाठी गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ यांचं तसं टेबल का नको, भाषेचा दुभाषीसुद्धा फार लागणार नाही.

मागणी मोठी नाही. पश्चिम किनाऱ्याला सुरमई आणि बांगड्याची एकच साइज करा, आणि खोल समुद्रात जायला तुम्ही जो ॲक्सेस पास देता त्यालाच ती जोडा. कुठल्याही राज्याच्या बंदरात क्रेटमध्ये बारकी मासळी सापडली की पास बंद, मग ती 12 मैलांच्या आत पकडली की बाहेर हा वादच नको. समुद्रावर नजर ठेवायला सोडलेला ड्रोन वरून बोट बघतो, क्रेटमध्ये काय आहे ते त्याला दिसत नाही, त्याला जेटीवर फूटपट्टी घेऊन उभा राहणारा माणूस लागतो. तो माणूस आणि ती फूटपट्टी 1 ऑगस्टला सिझन सुरू व्हायच्या आत द्या, एवढंच.

आपला,
एका रापणकराचा मुलगा, मालवण