बाई, ते चर मी खणले नाहीत

ती. बाईंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला वर्गात कधीच शिकवलं नाही. मी कृषी अभियांत्रिकीची, तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या; शिवाय मी कॉलेजात पोचेपर्यंत तुम्ही निवृत्तही झाला होतात. आईच्या भिशीतल्या म्हणून खरं तर मावशी म्हणायला हवं होतं. पण इंदूरचं अख्खं रामबाग तुम्हाला बाई म्हणतं, मीही तेच म्हणते. तोंडी आभार मानायला आलं की तुम्ही ‘पोहे घे’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नातू वाचून दाखवेल. मध्येच उठून जाऊ नका.

पाणलोटाचं माझं पहिलं स्वतंत्र काम धार जिल्ह्यात, सरदारपूरच्या बाजूला होतं. माही नदीचा उगम त्याच तालुक्यातला, त्यामुळे नकाशा गुंडाळून इंदूरला आले तेव्हा मी जरा हवेतच होते. माथा ते पायथा सगळं आखलेलं. वर समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले, चरांच्या भरावावर करंज आणि सुबाभूळ, ओघळींत दगडी बांध, तळाशी तळं. तुम्ही चष्मा पुसलात, माथ्यावरच्या पट्ट्यावर बोट ठेवलंत आणि विचारलंत, “इथे आत्ता काय आहे?”

“काही नाही. पडीक आहे. गवत नुसतं.”

ते ‘नुसतं’ तुम्ही अजून विसरलेला नाहीत. परवासुद्धा बशीत जिरावण, पोह्यांवरचा तो इंदुरी मसाला, घालायचं राहिलं तर म्हणालात, “आज नुसते पोहे हं, तुझ्या माळासारखे.”

त्या दिवशी तुम्ही वाद घातला नाहीत. आतून ‘नई दुनिया’च्या जुन्या अंकांत दाबून ठेवलेली गवतं आणलीत. पवन्या, मारवेल, कुसळी; प्रत्येकाखाली तुमचं बारीक अक्षर. कुसळीचं एक कुसळ काढून बशीत ठेवलंत आणि वर बोटाने पाण्याचा थेंब सोडलात. दोन क्षण काहीच नाही. मग ती वाळकी काळपट शेपटी हलली, आणि पीळ सुटत सुटत कुसळ बशीत गोल फिरायला लागलं. किती वर्षांपूर्वीचं होतं ते! ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यातच बीचं टोक मातीत घुसतं. “याला पेरायला तुझा मजूर लागत नाही,” एवढंच म्हणालात. मी हसले. पटलं नव्हतं.

पटलं ते जुलैत. नमुन्यादाखल वीस चर मे महिन्यातच खणून झाले होते. तुम्ही बहात्तराव्या वर्षी छत्री टेकत माळ चढलात, मी मागून ‘बाई, सावकाश’ करत. वर पोचलो आणि पाऊस कोसळला. छत्रीचा काही उपयोग नव्हता. एका चराची समपातळी माझ्याकडून चुकली होती, अगदी थोडीशी. पण पाण्याला थोडीशीच पुरते. ते एका टोकाला साचलं, भराव फुटला आणि मुरुमासकट खाली धावलं. तुम्ही थर्मासचं झाकण त्या लोंढ्यात बुडवलंत. मग वीस पावलं बाजूला जाऊन, गवतातून निथळणाऱ्या पाण्यात माझा स्टीलचा पेला. दोन्ही दगडावर शेजारी शेजारी ठेवलेत. झाकणात चहाच म्हणावा असा रंग. पेल्याचा तळ दिसत होता.

चर वाईट असतात असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. गवत मेलेल्या, उघड्या पडलेल्या उतारावर मी आजही खणते. पण जिथे गवताच्या मुळांनी माती आधीच धरून ठेवली आहे, तिथे ती सोडवून पुन्हा अडवायला निघाले होते मी, आणि त्याचे पैसेही घेणार होते.

परतताना गाडीत तुम्ही तणमोर पक्ष्याचा विषय काढलात. इकडे त्याला खरमोर म्हणतात. पावसाळ्यात नर गवतातून उभा उसळी मारतो, माणसाच्या डोक्याइतका उंच, दिवसातून शेकडो वेळा, कारण उंच गवतातल्या मादीला तो एरवी दिसणार कसा? मादी अंडी घालते जमिनीवरच. या पक्ष्यासाठी सैलाना आणि सरदारपूर ही दोन अभयारण्यं 1983 साली झाली, तरी आज तो अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. त्याला मोकळा गवताळ माळ लागतो, आणि मी तिथे सुबाभळीचं रान करणार होते. मराठीत आपण तण म्हणतो ते उपटून फेकायच्या गोष्टीला, आणि हा पक्षी तेच नाव मिरवतो, हे तुम्ही इतक्या मजेत सांगितलंत की मला लाज वाटायचीही राहून गेली.

ती वाटली नंतर, आराखडा बदलताना. काम देणाऱ्या संस्थेतल्या साहेबांनी विचारलं, “माथ्यावर तुम्ही काहीच करणार नाही? मग मोजमाप पुस्तिकेत काय लिहायचं?” प्रश्न खोटा नव्हता. खोदलेली माती घनमीटरात मोजता येते. न खोदलेल्या मातीला रकाना नाही. मी कबूल केलं की आधीचा आराखडा माझाच आणि चूकही माझी. तो निधी ओघळींतल्या दगडी बांधांकडे वळवायला चार महिने लागले. गावाशी बोलणं त्याहून अवघड. पावसाळाभर माळावर गुरं सोडायची नाहीत आणि गवत कापायचं ते बी पडल्यावर, दिवाळीनंतर. पहिल्या वर्षी निम्म्या घरांनी ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षी कापणीला भारे जास्त निघाले, तेव्हा ऐकलं. तणमोराचं नाव घेऊन माझं कुणीच ऐकलं नव्हतं, हे तुम्हाला आजवर सांगितलं नाही.

आणि हो, त्या माळावर मला तणमोर अजून दिसलेला नाही. चंडोल आहेत, टिटव्या आहेत, गप्पीदास आहेत. गुराखी दर पावसाळ्यात सांगतो, “कल ही उछला था, मॅडम.” मी त्याच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय.

2025 च्या जानेवारीत इंदूरला रामसरचा, म्हणजे पाणथळ जागा जपण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा, पाणथळ शहराचा मान मिळाला, तेव्हा सिरपूर तलावावर सगळे फोटो काढत होते. तुम्ही काठाशी वाकून लव्हाळ्याचा एक दांडा बोटांत फिरवत होतात आणि कुणालाही तो तीनधारी आहे का बघायला लावत होतात. तो फोटो माझ्याकडे आहे.

गेल्या आठवड्यात माळाच्या वरच्या कडेला, पूर्वी फक्त मुरुम होता तिथे, एक गवत आलंय. मारवेल नाही, पेरावर केस आहेत पण तुरा वेगळा. वर्तमानपत्रात दाबून ठेवलंय. रविवारी घेऊन येते. पोहे मी आणीन, जिरावण तुमच्याकडचं.

तुमची,
वर्गाबाहेरची विद्यार्थिनी