डॅशकॅम कसा बसवायचा, हेही सांगा

संपादक महोदय,

वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पानांवर डॅशकॅमबद्दल, म्हणजे गाडीतून समोरचा रस्ता टिपत राहणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल, वरचेवर लिहून येते. चित्र किती स्पष्ट, रात्री नंबरप्लेट वाचता येते का, मागचा कॅमेरा सोबत मिळतो का, हे सगळे त्यात असते. तो काचेवर बसवायचा कसा, यावर मात्र एक ओळही नसते. गाड्यांच्या पुढच्या काचा बदलणे हे माझे काम. जुनी काच उतरवताना तिच्यावर कोणी काय आणि कसे चिकटवले होते ते रोज पाहतो, म्हणून हे लिहीत आहे.

कॅमेरा गळून पडला की लोक टेपला नावे ठेवतात. सोबत आलेली डबल टेप बऱ्याचदा चांगलीच असते. खरी अडचण काचेच्या आतल्या बाजूला असते. गाडी उन्हात तापली की डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून सुटणारी वाफ काचेवर बसते आणि तिचा पातळ तेलकट थर जमतो. डॅशबोर्ड चमकवायला सिलिकॉनचे पॉलिश मारत असाल तर त्यात आणखी भर. मी गाडीमालकासमोर पांढरे सुती फडके आरशामागच्या काचेवरून एकदाच फिरवतो आणि त्याच्या हातात देतो. फडक्यावर करडा, बोटाला चिकट लागणारा डाग असतो, आणि गाडी बऱ्याचदा नुकतीच धुऊन आणलेली असते. धुताना काच बाहेरून घासली जाते, आतून आरशामागे कोणाचा हात जात नाही. त्या थरावर लावलेली टेप काचेला चिकटतच नाही, ती थराला चिकटते.

म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे निम्मे घेऊन ती जागा पुसावी, आणि लगेच दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ फडक्याने टिपून घ्यावी. फडके पांढरे राहीपर्यंत हे करावे. नंतर त्या जागेला आणि टेपच्या चिकट बाजूला बोट लावू नये. काच हाताला कोमट लागत असताना टेप उत्तम धरते. गार पडलेल्या काचेवर, दहा अंशांखाली, ती नीट पसरत नाही.

पुढची काच सपाट नसते, तिला बाक असतो. कॅमेऱ्याची बैठक मात्र सपाट, टणक प्लास्टिकची असते. नुसती टेकवली तर मधला भाग लागतो आणि कडा अधांतरी राहतात. गाडीबाहेर येऊन काचेतून टेपकडे पाहिले की हे स्वच्छ दिसते. जिथे टेप काचेला भिडली तिथे ती गडद दिसते, जिथे हवा अडकली तिथे फिकट. आतून अंगठ्याने जोर लावून, मधून कडेकडे सरकत, फिकट भाग जितका घालवता येईल तितका घालवावा.

एवढे झाले तरी कॅमेरा लगेच लटकवायचा नाही. दुर्दैवाने बसवणाऱ्याला घाई असते आणि गाडीवाल्यालाही. ॲक्रिलिक फोमच्या चांगल्या टेपची पकड साध्या तापमानात वीसेक मिनिटांत निम्म्याच्या आसपास येते, 24 तासांत साधारण 90 टक्के, आणि पूर्ण ताकद यायला 72 तास लागतात. नुसती बैठक चिकटवून किमान एक दिवस ठेवावी आणि कॅमेरा दुसऱ्या दिवशी अडकवावा. हा एक दिवस पाळला तर निम्म्या तक्रारी उरणार नाहीत, असे माझे मत आहे.

टेपऐवजी हवेच्या दाबावर काचेला धरून राहणारा सक्शन कप मी कायमच्या वापरासाठी सुचवत नाही. बाहेरच्या हवेचा दाब त्याला काचेवर दाबून धरतो. उन्हात आत उरलेली हवा फुगते, प्लास्टिक मऊ पडते, आणि कडेला केसाएवढी फट पडली की काम संपले. गाड्या बदलून चालवणाऱ्यांना तो सोयीचा आहे, पण मग कप अधूनमधून कोमट पाण्याने धुवावा. काचेच्या कडेला काळी पट्टी आणि ठिपके असतात तिथे तर तो लावूच नये. तो रंग काचेवर भाजलेला असतो, पृष्ठभाग खरबरीत असतो आणि हवा आत शिरते.

जागेबद्दल मला सर्वात जास्त काळजी वाटते. आरशामागे, चालकाच्या विरुद्ध बाजूला, वायपर फिरतो त्या पट्ट्यात कॅमेरा असावा. चालकाच्या समोर असला तर वळणावर पायी चालणारा माणूस त्याच्याआड जाऊ शकतो. सुटला तर पायाशी पडून ब्रेकच्या पेडलखाली अडकू शकतो. गाडी ताशी 50 किलोमीटरने धावत असते तेव्हा कॅमेराही त्याच वेगात असतो, आणि गाडी धडकून थांबली तरी सुटलेली वस्तू थांबत नाही. वरच्या रंगीत पट्ट्याआड लेन्स ठेवू नये, चित्र काळवंडते. गाडीचा स्वतःचा कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर आरशामागे असेल तर त्याच्यासमोरची काच मोकळी सोडावी.

वायर कॅमेऱ्यापाशी थोडी सैल ठेवावी. ताणलेली वायर दिवसरात्र बैठकीला ओढत राहते. ती छताच्या कडेने दाराच्या बीडिंगमधून खाली न्यावी. बऱ्याच गाड्यांत पिलरमध्ये, म्हणजे काचेच्या कडेच्या खांबात, पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते, तिच्या पुढून वायर नेली तर फुगताना ती अडवू शकते, म्हणून तिथे माहीतगारालाच हात घालू द्यावा.

बैठक हलत असेल तर नुकसान फक्त चित्राचे होत नाही. कॅमेऱ्यातला धक्क्याचा सेन्सर प्रत्येक खड्ड्याला अपघात समजून ती फाइल लॉक करतो. लॉक झालेल्या फाइलींवर नवे रेकॉर्डिंग चढत नाही, कार्ड भरत जाते, आणि खऱ्या अपघाताच्या वेळी जागाच नसते. बैठक आणि कॅमेरा जोडणारी दांडी जितकी आखूड तितका हादरा कमी.

काढताना स्क्रूड्रायव्हर कृपया घालू नका. हेअर ड्रायरने टेप गरम करून नायलॉनचा दोरा किंवा डेंटल फ्लॉस करवतीसारखा मागे-पुढे ओढला की ती सुटते.

कंपन्यांना माझी विनंती आहे की "24 तास कॅमेरा लावू नका" हे वाक्य माहितीपुस्तिकेत न दडवता टेपवरच्या लाल कागदावरच छापावे, म्हणजे कागद सोलणाऱ्याच्या नजरेतून ते सुटणार नाही. आणि आपल्या पानावर डॅशकॅमचे परीक्षण येईल तेव्हा तो उन्हात उभ्या गाडीत महिनाभर काचेवर टिकला का, हेही त्यात लिहावे.

आपला,
काचा बसवणारा एक वाचक