उभ्या रानाचे पैसे कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिले. तेव्हापासून आमच्याकडे दोनच तऱ्हेची भाषणं ऐकू येतात. एकात सांगतात, आता घरावर कौलं चढवायलाही दिल्लीची परवानगी लागेल. दुसऱ्यात सांगतात, वाघ वाचवायचा तर गावाने थोडं सोसायला हवं. मी दोडामार्ग तालुक्यात काजू आणि सुपारीची बागायत करते. दोन्ही भाषणांत आमच्या व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, नाव निघत नाही, म्हणून हे पत्र.

आमचं कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची बागायत, डोंगराच्या पायथ्याशी आहे. वर रान, मधून व्हाळ, खाली सुपारी, केळी, मिरवेली आणि जायफळाची चार झाडं. पाऊस सरला की चार घरांनी मिळून व्हाळाला दगडमातीचा बांध घालायचा आणि पाटाचं पाणी पाळीपाळीने घ्यायचं, ही माझ्या सासऱ्यांच्याही आधीची रीत. मे महिन्यापर्यंत पाट वाहायचा. पंप नव्हता, विजेचं बिल नव्हतं.

वरचं रान शेजाऱ्यांच्या मालकीचं होतं. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते, सिंधुदुर्गात सरकारी जंगल थोडं आणि सातबाऱ्यावरचं मालकी रान जास्त. शेजाऱ्यांच्या घरी मोठं आजारपण आलं, गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात फेऱ्या सुरू झाल्या. ठेकेदार आला आणि उभ्या रानाचा एकरकमी सौदा झाला. २०१० च्या एका उन्हाळ्यात ऐन, किंजळ, बेहडा, जांभूळ, सगळं आडवं झालं. मग तिथे रबर लागलं. तिसऱ्या वर्षी शिमग्याच्या आधीच पाट आटला, सुपारीचे शेंडे पिवळे पडले. आज आम्ही नदीवरून पाइप टाकून पंपाने पाणी आणतो. शेजाऱ्यांना मी बोल लावत नाही. त्यांच्याजवळ विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

त्याच वर्षी, २०१३ साली, उच्च न्यायालयाने या पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली. बंदी हवीच होती. पण रान राखायचं ओझं त्या दिवसापासून एकट्या मालकाच्या डोक्यावर आलं. तोड काही थांबली नाही, रात्रीचे ट्रक आम्ही ऐकतो. फरक एवढाच की ठेकेदार आता जोखमीचं कारण सांगून मालकाच्या हातावर पूर्वीपेक्षा कमी पैसे ठेवतो.

खाणींना मात्र माझा सरळ विरोध आहे. जुलै २०२१ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या कळणे गावात खाणीच्या खड्ड्यात साठलेलं पाणी बांध फोडून गावात आणि बागांत शिरलं. मातीने भरलेली बागायत परत उभी करायला किती वर्षं लागतात हे बागायतदाराला विचारा. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली सुचवलेल्या संवेदनशील क्षेत्रात बंदी आहे ती खाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज प्रकल्प, लाल यादीतले, म्हणजे सर्वांत प्रदूषण करणारे, कारखाने आणि फार मोठी बांधकामं यांना. शेतीला नाही, काजू लावायला नाही, घराच्या दुरुस्तीलाही नाही. हे ग्रामसभेत मराठीतून कुणी वाचून दाखवलं असतं, तर कौलांची अफवा पसरलीच नसती. पश्चिम घाटावरच्याच माधव गाडगीळ समितीनेही २०११ च्या अहवालात निर्णय ग्रामसभेकडून वर जावेत असंच म्हटलं होतं.

पण नुसत्या बंदीने चूल पेटत नाही. माझा मुलगा रोज मोटारसायकलने गोव्यात मोप्याला विमानतळावर कामाला जातो, वाडीतले बरेच जण गोव्यातच राबतात. आणि इथे मार्च-एप्रिलमध्ये काजूची बी काढून घेतल्यावर बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, झाडाखाली कुजत पडतो. हद्दीपलीकडे गोव्यात त्याच बोंडूची फेणी होते, २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या बोंडूचं सरबत, व्हिनेगर काही करायचं तर गावात चोवीस तास वीज आणि एक शीतगृह हवं. त्यासाठी एकही झाड पाडावं लागत नाही.

रान उभं ठेवून पैसा मिळू शकतो याचं उदाहरण फार लांबचं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर भागात पुण्याच्या एका संस्थेने रानमालकांशी राखणीचे करार केले आणि बेहड्याची फळं चांगल्या दराने परदेशी विकून दिली. त्याच बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. एका उभ्या झाडाची फळं दर वर्षी विकली जातात, लाकूड एकदाच विकलं जातं. हे आमच्या २५ गावांत शासनाने का करू नये? रान राखणाऱ्या मालकाला दर एकरी, दर वर्षी, ठरलेली रक्कम खात्यात जमा करावी. हत्तीने केळी मोडली तर पंचनामा करून भरपाई देतात, उशिरा का होईना. २००२ पासून हत्ती येतात, तेवढी सवय सरकारला झाली आहे. जो माणूस हत्तीला आणि आमच्या व्हाळाला जागा ठेवतो, त्याला मात्र काहीच मिळत नाही.

हेवाळे-बांबर्डे इथली देवराई जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली, याचा आम्हाला अभिमान आहे. चिखलातून गुडघ्यासारखी मुळं वर काढणारी रानजायफळाची झाडं तिथे आहेत. पण ती जागा जेमतेम अडीच हेक्टर. गावाने देवाच्या धाकाने ती राखली. बाकीच्या हजारो एकरांवर देव नाही, सातबारा आहे.

आमच्या नावावर अजून चार एकर रान आहे. यंदाही पावसाळ्यानंतर ठेकेदार विचारून गेला, मी नाही म्हटलं. मुलगा काही बोलला नाही. रात्री जेवताना त्याने एवढंच विचारलं, किती देतो म्हणाला?

— एक बागायतदार, दोडामार्ग तालुका, जि. सिंधुदुर्ग