काका, रिले वाजला

आदरणीय काका,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही लगेच विचारता, "मीटर डीसीवर आहे ना?" आणि बोलणं पुन्हा कामावर येतं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. बाबांचा जुना सेट मला माझ्या हाताने दुरुस्त करता यावा म्हणून तीन महिने दर शनिवारी रात्री साडेनऊला तुम्ही फोन धरून बसलात, हे चार लोकांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बाबांनी तो रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत असलेला सेट, १९७७ साली सिंगापूरहून आणला. ते तेव्हा जहाजावर होते. चंदेरी पॅनल, लाकडी पेटी, आणि उचलायला दोन माणसं लागावीत असं वजन. माझ्या लहानपणी साताऱ्याच्या घरात काटा कायम ७९२ वर, पुणे केंद्रावर. एफएमची पट्टी नुसतीच उजळायची. भारतात एफएम त्याच वर्षी मद्रासला सुरू झालं होतं, आमच्यापर्यंत पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. बाबा गेल्यावर सेट कपाटावर चढला आणि सतरा वर्षं तिथेच राहिला.

दिवाळीच्या साफसफाईत तो खाली काढला. एका दुकानात नेला, तर आतलं सगळं काढून ब्लूटूथचं किट बसवून देतो म्हणाले. आई काही बोलली नाही, पेटीवरून हात फिरवत राहिली. त्याच आठवड्यात मावशीच्या ओळखीने तुमचा नंबर मिळाला.

तुमचं पहिलं वाक्य होतं, "प्लगला लावू नकोस." दुसरं, "आधी भिंतीतलं व्होल्टेज मोज." मीटरने २४३ दाखवलं. सेटच्या मागचा सिलेक्टर बाबांनी २२० वर ठेवलेला होता. तो २४० वर फिरवायला सांगितलात, आणि मग साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडून बोर्ड करायला लावलात. बल्ब भपकन पेटून मंद झाला तर पुढे जायचं, तसाच जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. बल्ब मंद झाला. डायल निळा उजळला. पण रिलेचा, म्हणजे सगळं ठीक असेल तरच स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा, 'टक्' काही आला नाही, आणि स्पीकर मुके.

सेट इतका खटाटोप करण्याच्या लायकीचा आहे का, असं मी तेव्हा विचारलं होतं. तुम्ही जे सांगितलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. अमेरिकेत १९७४ साली ॲम्प्लिफायरचे वॅट कसे मोजून छापायचे याचा सरकारी नियम आला. फुगवलेले आकडे छापायची सोय गेली, आणि मग जपानी कंपन्यांत खरे वॅट देण्याची चढाओढ लागली. १९७८ चा पायोनियर कंपनीचा एसएक्स-१९८० हा रिसीव्हर चॅनेलला, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला, २७० वॅटचा होता. बाबांचा सेट चॅनेलला जेमतेम ३५ वॅटचा, पण त्याच काळातला. "ट्रान्सफॉर्मर बघ केवढा दिलाय," तुम्ही म्हणालात, "असा आता या किमतीत कोण देतो?" तुम्हाला त्या सेटबद्दल वाटणारा आदर त्या दिवशी फोनमधून मला ऐकू आला, आणि मी हट्टाला पेटले.

दुसऱ्या शनिवारच्या आत कुरिअरने तुमची पुडी आली. त्यात १०० ओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर, त्याच्या दोन्ही पायांना स्लीव्ह घातलेल्या वायरी, टोकाला मगरीचे चिमटे. सेट बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो, तो स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडत उतरवायचा नाही, याने उतरवायचा. आणि चालू सेटमध्ये मोजताना एक हात कमरेमागे. माझ्या जिवाची काळजी तुम्ही अशी पुडीत बांधून पाठवलीत, काका.

मग मोजमाप. सप्लाय अधिक ३२ आणि उणे ३२, दोन्ही ठीक. रिलेच्या अलीकडे उजव्या चॅनेलला १९ मिलिव्होल्ट, डावीकडे २.३ व्होल्ट. मी रिले बदलायला निघाले होते. तुम्ही थांबवलंत. "अगं, रिले बिघडलेला नाही. तो त्याचं काम करतोय. डावीकडून डीसी येतंय, एकाच दिशेचा करंट, तो स्पीकर जाळेल, म्हणून जोडत नाहीये." घरातल्या कुणाची तरी उगाच चूक काढावी आणि नंतर समजावं की तोच सगळ्यांना सांभाळत होता, तसं झालं मला.

"इनपुटच्या जोडीतले दोन छोटे ट्रान्झिस्टर बघ. त्यांचे पाय काळे पडलेत का?" पडले होते. भिंगाखाली पाहिलं, तर आईच्या न वापरलेल्या पैंजणांवर जशी काळपट साय चढते तशीच. पायांवरचा चांदीचा मुलामा काळा पडतो आणि त्या काळातल्या काही ट्रान्झिस्टरांत गळती सुरू होते, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. मी पुण्याला आले, तापकीर गल्लीत फिरले. त्यांच्या जागी बसणाऱ्या केएसए ९९२ या ट्रान्झिस्टरचे दहा नग घ्यायला सांगितलेत, कारण गेन, म्हणजे प्रत्येकाची सिग्नल वाढवण्याची ताकद, मोजून त्यातले जुळणारे दोन निवडायचे होते. तुम्हीच बजावलंत म्हणून कोणता पाय कुठे येतो तेही बसवण्याआधी तपासलं.

तीच रात्र सगळ्यांत वाईट गेली. सोल्डरिंगची इस्त्री जास्त वेळ टेकवली आणि बोर्डवरची तांब्याची टिकली उचलली गेली. बाबांचा सेट मी माझ्या हाताने घालवला, असं वाटून मला रडू आलं. तुम्ही फोन ठेवला नाहीत. ट्रॅक कुठे जातो ते फोटोत पाहून, रेझिस्टरचा कापलेला पाय वाकवून पुढच्या जॉइंटपर्यंत कसा न्यायचा ते सांगत राहिलात. साडेअकरा वाजले होते. मागे काकू जेवायला हाक मारत होत्या, ती मी ऐकली. त्यांनाही माझा नमस्कार आणि क्षमा मागते.

चाळीस कंडेन्सर मी हौसेने आणून ठेवले होते. तुम्ही मीटर एसीवर ठेवून रिपल, म्हणजे सप्लायमध्ये उरलेली थरथर, मोजायला लावलात, ३० मिलिव्होल्टच्या आत आला. "मोठे दोन धडधाकट आहेत, त्यांना हात लावू नकोस." बदलले फक्त सहा, तेही एकेक काढून, मोजून. हात राखून काम करणं मी तुमच्याकडून शिकले.

डावीकडचं डीसी १४ मिलिव्होल्टवर आलं. बायसचा, म्हणजे आवाज नसतानाही आतून वाहणाऱ्या थोड्या करंटचा, प्रीसेट स्क्रू आधी पूर्ण कमी करून, सेट पंधरा मिनिटं तापू देऊन, अर्ध्या ओहमच्या रेझिस्टरवर २० मिलिव्होल्ट लावले. मग बल्ब काढून थेट प्लगला. सात आकडे मोजले असतील.

टक्.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने काही विचारलं नाही. बाबांनी घेतलेली कुमार गंधर्वांची तबकडी तिने स्वतः काढून लावली. आवाज हळू असताना डावा स्पीकर मधेच जायचा, म्हणून रिलेचे कॉन्टॅक्ट दुसऱ्या दिवशी स्पिरिटात भिजवलेल्या व्हिजिटिंग कार्डाच्या पट्टीने पुसले. सँडपेपर लावला नाही, तुमचं ऐकलं.

काका, तुमच्या हाताखालून आयुष्यभर सेट गेले. हा तुम्ही दोन तासांत नीट करून दिला असता. मी तसं सुचवलंही होतं, गाडीत घालून घेऊन येते म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "तुझ्या बाबांचा आहे ना, मग तूच उघड." तेव्हा मला ते समजलं नव्हतं. आता मी बाबांच्या वस्तूला रोज हात लावते, आणि आत काय कुठे आहे ते मला माहीत आहे.

आई म्हणते, एकदा काकूंना घेऊन साताऱ्याला या. तिला तुम्हाला जेवायला वाढायचंय. डायलच्या डावीकडचा एक दिवा अजून गेलेलाच आहे. नवा आणून ठेवलाय, पण बसवलेला नाही. तो बसवताना तुम्ही शेजारी हवे आहात.

तुमची,
साताऱ्याची शनिवारची विद्यार्थिनी