पौर्णिमा नको, षष्ठी धर

चि. निलेश यास अनेक आशीर्वाद.

तुझा नकाशा आईने तिच्या मोबाईलवर मोठा करून दाखवला. फोनवर बोलायचं म्हटलं तर डावा कान केव्हाच गेला, आणि उजव्याला फोन लावला की नुसता भुंगा गुणगुणतो. म्हणून लिहितोय. आई पानांचे फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर तिला विचार, ती वाचून दाखवेल. वर स्वतःच्या दोन सूचनाही घालेल.

तुम्ही तिघं कयाक घेऊन वाशिष्ठीतून चार दिवस दाभोळपर्यंत जाणार, वाटेत गळ टाकून मासे गरवणार, काठावर तंबू ठोकणार. बेत मला आवडला. आईला आवडलेला नाही, पण तिचं नंतर बघू. नकाशा मात्र तू पुण्यात बसून केलास ते लगेच कळतं. चाळीसेक किलोमीटर, भागिले चार, रोज दहा, आणि दर दहा किलोमीटरवर एक लाल टिकली. रस्त्यावर हे चालतं. आपल्या नदीत किलोमीटर मोजून काही हाती लागत नाही, कारण तिला दोन मालक आहेत. वरून धरणवाले पाणी सोडतात आणि खालून समुद्र पाणी ढकलतो.

आधी वरचा मालक. तुझी पहिली टिकली चिपळूणच्याही वर आहे, ती काढून टाक. कोयनेचं पाणी घाट पोखरून पोफळीला येतं, तिथून कोळकेवाडीच्या धरणात, आणि वीज करून झाली की वाशिष्ठीत. वीज लागेल तेव्हा पाणी सुटणार. तुम्ही दगडावर बसून पोहे खाताय म्हणून कुणी थांबणार नाही. सकाळी गुडघाभर असलेलं पाणी दुपारी कमरेला आलेलं मी पाहिलंय, तेही डोक्यावर कडकडीत ऊन असताना. सुरुवात गोवळकोटच्या धक्क्यावरून कर. करंजेश्वरीला नारळ दे आणि तिथूनच होडी लोट.

आता खालचा मालक, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. तू मार्गशीर्षातली पौर्णिमा धरलीस. चांदणं मिळेल, फोटो छान येतील, असं आईला म्हणालास म्हणे. त्या दिवशी दत्तजयंती आहे आणि घरात पारणं आहे हे तिने सांगितलं असेलच. मी दुसरं सांगतो. लहानपणी तुला एक हिशोब शिकवला होता, आठवतो का? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पण हा हिशोब खाडीच्या तोंडाचा. गोवळकोटपर्यंत वर चढायला पाण्याला दीड-दोन तास जास्त लागतात.

आता तुझी पौर्णिमा मांडून बघ. गोवळकोटला भरती दुपारी एकला. तोपर्यंत तुम्ही पाण्याच्या उलट वल्हवणार, नाहीतर बसून राहणार. एकनंतर ओहोटी लागेल, पण तेवढ्यात समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि तो थेट तोंडावर. पाणी पुढे नेतंय, वारा मागे ढकलतोय आणि मध्ये तुमची प्लास्टिकची होडी. मुक्कामाला पोचेपर्यंत सात वाजणार, अंधार आणि तळाला गेलेलं पाणी. उधाणाचे दिवस म्हणजे ओहोटीही तशीच खोल. काठ आणि तुमच्यामध्ये तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळ्या आणि मांडीभर चिखल. रात्री एकला परत भरती, तीही उधाणाची. तंबू खाली लावला असेल तर अंथरुणात पाणी.

त्यापेक्षा चंपाषष्ठीला निघ. सहाची पाऊणपट साडेचार, त्यात दीड-दोन तास मिळव, म्हणजे गोवळकोटला सहा-साडेसहाला पाणी भरतं आणि मग उतरायला लागतं. त्याच वेळी डोंगराकडून मतलई वारा असतो, तो पाठीवर. दोन्ही एका बाजूला. रोज भरती पाऊण तास उशिरा होते हे खरं, पण तुम्हीही रोज खाली सरकताय आणि खाली भरती लवकर. एकाने दुसऱ्याचं फिटतं. षष्ठी, सप्तमी, अष्टमी, नवमी, चारही दिवस साडेसहा-सातला निघायचं. साडेदहाला, पाणी अर्धं असतानाच, धक्क्याला लागायचं. शिवाय ते भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक थोडा, ओढ कमी, चिखल कमी उघडा पडतो. चांदणं हवंच असेल तर अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत असतो. तेवढ्यावर भागव.

मुक्काम काठावरच्या वाळूत नाही. का, ते तुला ठाऊक आहे. तुझे मित्र हसले असतील, त्यांना सांग की 2024च्या पावसाळ्यात चिपळुणात भर रस्त्यावरून मगर चालत गेली, तो व्हिडिओ शोधा. मी सोळा वर्षं याच पाण्यात डुबी मारून वाळू काढली. बांबूला धरून खाली उतरायचं, बादली वाळूत खुपसायची, वरच्याला दोरीचा हिसका द्यायचा. कान त्यातच गेला. इतक्या वर्षांत मगरीने मला काही केलं नाही, आणि त्याचं एकच कारण सांगता येईल, मी तिच्या वेळेला पाण्यात नसायचो. थंडीत नऊ-दहाला ती ऊन खायला चिखलावर येते, ओंडक्यासारखी पडून राहते. तिच्या आणि पाण्याच्या मध्ये होडी घालायची नाही, एवढं पाळ. ती पाण्याकडेच पळणार. उन्हं उतरली की पाण्याला पाय लावायचा नाही. भांडी घासायला नाही, हात धुवायला नाही. आणि गरवलेला मासा दोरीत ओवून होडीला बांधून पाण्यात सोडता ना तुम्ही लोक, ते इथे चालणार नाही. मासा झाकणाच्या डब्यात, आणि साफ करायचा तो वर गावात नेऊन, काठावर नाही.

फेब्रुवारीत ढकलू का, असंही आईला विचारलंस म्हणे. तेव्हा तर मुळीच नको. त्या सुमाराला मादी वाळूत अंडी घालते आणि राखण करते.

मग झोपायचं कुठे? गावात. मालदोलीला विचारून देवळाच्या आवारात किंवा शाळेच्या व्हरांड्यात जागा मिळते. तिथे लोक होड्यांतून मगरी दाखवतात, त्यांच्याशी तासभर बोल, माझ्या पत्रापेक्षा जास्त कळेल. पुढे जगबुडी येऊन मिळते आणि पात्र रुंद होतं. शेवटचा मुक्काम परचुरीला कर. तंबू कुठेही लावलास तरी आधी काठावर सुक्या पानांची, काटक्यांची रेघ बघ. गेल्या उधाणाचं पाणी तिथवर आलेलं असतं. त्या रेघेच्या वर आणि आणखी पन्नास पावलं. होडीही वर ओढून झाडाला बांध. चुलीला तिवराची एक काटकीही तोडू नकोस. कायद्याने बंदी आहे. आणि ती तोडतात तिथला मासाही जातो.

गोडं पाणी ही तुझी खरी अडचण. माणशी दिवसाला चार लिटर धर. तिघांचं चार दिवसांचं पन्नास लिटरच्या घरात जातं, एवढं ओझं घेऊन कयाक वळायची नाही. दीड दिवसाचं भर, बाकी गावातल्या विहिरीवर.

चिखलाचं एक सांगायचं राहिलं. तुझा मामा आणि मी एकदा चिंबोऱ्यांच्या नादात ओहोटी विसरलो. तो होडीतून उतरला आणि कमरेपर्यंत गेला. मी हात देऊन वर खेचायला लागलो तसा तो आणखी खाली. शेवटी त्याला म्हटलं पोटावर पड, लोळ, वल्हं आडवं धर. एकेक पाय सुटायला अर्धा तास गेला. चपला अजून तिथेच आहेत. नंतर होडीतच बसून राहिलो, रात्री पाणी आलं तेव्हा सुटलो. डास इतके की मामा अजून त्या रात्रीवरून मला शिव्या देतो. कयाक हलकी आहे, चिखलावरून सरकते, तेव्हा ती सोडून उतरायचं नाही.

दुसरी गोष्ट बोकशीचे, म्हणजे पाण्यात रोवून लावलेल्या पिशवीजाळ्याचे, खांब. ओहोटीच्या ओढीत आडवी होडी खांबावर गेली की पाणी तिला तिथेच दाबून धरतं, मग उलटते. खांब दिसले की लांबूनच कड बदल. जॅकेट अंगात घाल. होडीच्या मागे बांधलेलं जॅकेट नुसती शोभा.

आता गरवण्याचं. इतका वेळ त्यासाठीच धीर धरला होता. पुण्याहून आणलेले रंगीत प्लास्टिकचे मासे आण हवे तर, पण गरीला जिवंत कोलंबी लाव, शेपटीच्या टोकाला, म्हणजे ती उड्या मारत राहते. संध्याकाळची भरती चढायला लागली, पाण्याने तिवरांची मुळं शिवली की तांबोशी बाहेर येते. घास घेतला की ती सरळ मुळांकडे पळते. पहिल्या दोन हातांत दोर ढिला सोडलास तर गेली, वर गरीही गेली. उजेड आहे तोवरच गरव, सूर्य टेकला की बाहेर. शिंगाळा लागला तर हात लावण्याआधी पकडीने तिन्ही काटे मोड. धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात उतरावंच लागलं तर पाय उचलू नका, घासत चला, तळाला शेपटीत काटा असलेली पाकट असते. बोय आणि काळुंदर मिळतील. जिताड्याची आशा ठेवू नकोस. तो मी पोत्याने आणलेला तू पाहिलायस, पण तेव्हाची खाडी वेगळी होती. वर माळावर कारखाने आले आणि एका सकाळी काठावर पांढरी पोटं वर करून मासे पडले, तुझी मुंज झाली त्या वर्षी. तेव्हापासून पाण्याला वास आला किंवा फेस दिसला तर मासा पकडा आणि सोडून द्या, खाऊ नका.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वाटेत रेंगाळू नका, ती तुमच्यासाठी वळणार नाही. अंजनवेलच्या पुढे जायचं नाही. तिथे खाडी संपते, आणि बाहेरच्या लाटेला तुमच्या होडीची ओळख नाही.

आईच्या सूचना दोन. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासा शिजवायचा नाही, मधे गुरुवार आला तर धरलेला सोडून द्यायचा. आणि चंपाषष्ठीचं वांग्याचं भरीत आणि भाकऱ्या ती डब्यात देणार, तेव्हा आदल्या रात्री हॉटेलात नाही, घरीच उतरायचं, तिघांनी.

मी पाचला उठून गोवळकोटला येतो. होडीत बसत नाही, घाबरू नकोस. फक्त पाणी फिरलं की सांगेन, ते कानाने नाही, पायाने कळतं. जुना पाग, ते फेकायचं जाळं, काढून बघितला, दोन ठिकाणी उंदरांनी खाल्लाय. शिसं शाबूत आहे. शिवून ठेवतो.

पत्र वाचलंस की आईच्या मोबाईलवर नुसतं ‘षष्ठी’ असं लिही.

तुझे,
आबा